पहिली वेलांटी

माझ्या बोटांनी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा कोणते शब्द टाइप केले असतील, तर ‘विनंती अर्ज’. उमरोळी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या निम्म्या कागदांचा मथळा हाच असतो. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायची आहेत, मुलीच्या दाखल्यात जन्मतारीख चुकली आहे, ठेकेदाराने फंड भरलेला नाही, विहिरीवर वीजजोडणी हवी आहे. विषय कुठलाही असो, वर मधोमध ठळक अक्षरांत ‘विनंती अर्ज’.

गेल्या नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी हेच दोन शब्द मला लिहिता येईनात.

कीबोर्ड तोच होता, पडदा तोच, खुर्चीही तीच. बदलली होती ती फक्त आतली प्रणाली. मी नेहमीच्या वेगात टाइप केलं आणि पडद्यावर आधी ठिपक्यांचं एक पोकळ वर्तुळ उमटलं. त्या वर्तुळाला पहिली वेलांटी लागलेली, मग ‘वनंती’, आणि पुढे ‘अर्ज’च्या जागी ‘अजर्’. पुसलं, पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. समोर स्टुलावर एक मावशी बसल्या होत्या. भाताची कापणी अर्धी टाकून आल्या होत्या, ते त्यांनी येताक्षणी सांगितलं होतं. मी तिसऱ्यांदा पुसत असताना त्या म्हणाल्या, “ताई, तुमची तब्येत बरी नाय का? मी उद्या येते.” चौतीस वर्षं टायपिंग करणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं हे मी लपवत नाही.

हा बदल मी हौसेने केला नव्हता. दुकानात दोन संगणक आहेत, एक २०१४ सालचा आणि दुसरा त्यानंतर वर्षभराने घेतलेला. दोन्ही इंटेलच्या चौथ्या पिढीचे. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे आधीपासून ठाऊक होतं आणि ती तारीख नेमकी दिवाळीच्या तोंडावर आली. संगणक त्या दिवशी बंद पडत नाही, तो चालूच राहतो. फक्त त्यात सापडणारी नवी भोकं बुजवायला कुणी येत नाही. विंडोज ११ माझ्या यंत्रांवर रीतसर चढत नव्हतं. त्याला इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आणखी एक वर्ष दुरुस्ती मिळवण्याची व्यवस्था होती, पण माझ्या यंत्रांवरचं विंडोज मुळात पैसे भरून घेतलेलं नव्हतं. जोडणाऱ्याने ‘टाकून दिलेलं’ होतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

मला झोप लागेना ती वेगळ्याच कारणाने. त्या यंत्रांत गावाची आधार कार्डं आहेत. पॅन, पासबुकाची पहिली पानं, जातीचे दाखले, बायकांच्या प्रसूतीची कागदपत्रं, ठेकेदाराच्या माणसांचे पोलीस-पडताळणीचे अर्ज. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि अणुऊर्जा केंद्राकडे कामाला जाणारी कितीतरी पोरं सकाळच्या गाडीच्या आधी माझ्याकडे धावत येतात, मोबाइलवरून फोटो पाठवतात, प्रिंट घेतात आणि जातात. ते फोटो माझ्याकडेच राहतात. लोकांनी विश्वासाने ठेवलेली वस्तू उघड्या दाराच्या घरात ठेवायची नाही, एवढं मला कळत होतं.

माझ्या भावाचा मुलगा इंजिनियरिंगला आहे. वसुबारसेला आला तेव्हा त्याने पेनड्राइव्ह लावला आणि काहीही न पुसता त्या पेनड्राइव्हवरूनच विंडोजऐवजी चालणारं लिनक्स मिंट चालू करून दाखवलं. “आत्या, आधी बघ. नको वाटलं तर काढून टाकू, तुझं जसंच्या तसं राहील.” खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. मला वाटलं, हे तर तेच आहे. दिवाळीच्या सुट्टीत एका संगणकावर त्याने ते कायमचं बसवलं. दुसऱ्यावर विंडोज राहू दिलं, कारण आमचं बोटांच्या ठशाचं यंत्र फक्त तिथेच चालतं.

‘हे तर तेच आहे’ हा माझा अंदाज सोमवारी सकाळी दहा मिनिटांत खोटा ठरला.

का ठरला, हे समजायला मला १९९१ पर्यंत मागे जावं लागलं. त्या वर्षी मी पालघरला टायपिंगच्या क्लासला जायला लागले. उमरोळीहून गाडीने एक स्टेशन. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती २०१३ साली आली; मिळेल त्या पॅसेंजरने जायचं आणि परतीच्या गाडीसाठी फलाटावर बसून बोटांनी मांडीवर धडे गिरवायचे. मराठीचं गोदरेज मशीन होतं. कळ जोरात दाबली की कागदाला भोक पडायचं, हलकी दाबली की अक्षर फिकट. मॅडम मागे उभ्या राहून पट्टीने टेबलावर ठेका धरायच्या. मिनिटाला तीस शब्दांची सरकारी परीक्षा मी पहिल्या झटक्यात पास झाले.

टाइपरायटर म्हणजे चित्र काढण्याचं यंत्र, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर डावीकडून उजवीकडे जे दिसतं ते त्याच क्रमाने उमटवायचं. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधी मारायची, मग व. रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो म्हणून आधी अक्षर, मग रफार: अ, ज, आणि वर रफार. भ हे एक अक्षर नव्हतंच. अर्धा भ मारायचा आणि त्याला काना जोडायचा. शसुद्धा तसाच. जीभ एक क्रम म्हणते आणि बोटं दुसरा, अशी सवय लागली आणि ती इतकी मुरली की दोन क्रम वेगळे आहेत हेच विसरायला झालं. पुढे संगणक आले तरी डीटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटरचाच कीबोर्ड निवडता यायचा. म्हणून मशीन गेलं, विंडोज ९८ आलं, एक्सपी आलं, सात आलं, दहा आलं, पण माझी वेलांटी आधी येत राहिली.

नव्या प्रणालीतलं मराठी युनिकोडमध्ये लिहिलं जातं, आणि युनिकोडमध्ये क्रम जिभेचा आहे. आधी व, मग त्याची वेलांटी. आधी र, मग पाय मोडण्याची खूण, मग ज. रफार कुठे काढायचा ते यंत्र बघून घेतं. वेलांटी आधी दिली तर तिला बसायला अक्षर नसतं. मग यंत्र ठिपक्यांचं वर्तुळ काढतं, म्हणजे ‘इथे अक्षर हवं होतं’ असं दाखवतं. ते वर्तुळ त्या आठवड्यात मला स्वप्नात दिसलं.

एक गोष्ट नंतर कळली आणि मनाला लागून राहिली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये, मी क्लासला जात होते त्याच महिन्यात, हेलसिंकीच्या विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी आपण एक प्रणाली लिहीत आहोत असं जगाला कळवत होता. तीच पुढे लिनक्स झाली. त्याच ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. आणि त्याच वर्षी भारत सरकारच्या मानक संस्थेने भारतीय लिपींचं प्रमाण ठरवून दिलं, आयएस १३१९४, त्यात इन्स्क्रिप्ट कीबोर्डही होता. म्हणजे मी पालघरला पट्टीच्या ठेक्यावर चित्रं काढायला शिकत होते, त्याच वर्षी चौतीस वर्षांनी मला जे शिकावं लागणार होतं ते सगळं तयार होत होतं. या योगायोगाचा अर्थ काय लावायचा ते मला ठाऊक नाही. पण तो आठवला की मी उशिरा पोचले असं वाटत नाही, वेगळ्या गाडीने आले असं वाटतं.

लिनक्समध्ये टाइपरायटरसारखा एक कीबोर्ड हिंदीच्या यादीत सापडला होता. दोन दिवस त्यावर हात मारून पाहिला. काही कळा आमच्या मराठी मशीनपेक्षा वेगळ्या होत्या, आणि खरं म्हणजे मला कळून चुकलं होतं की मी पुन्हा जुन्याच घरात शिरायला बघते आहे. इन्स्क्रिप्ट विंडोजवर आहे, लिनक्सवर आहे, मोबाइलवरही आहे. एकदा शिकलं की कुठल्याही यंत्रासमोर बसता येईल. म्हणून तोच घेतला.

त्याची रचना समजली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. साधारणपणे डाव्या हाताखाली स्वर, उजव्या हाताखाली व्यंजनं. ज्या कळेवर क, तिच्यावरच शिफ्ट धरून ख. ग तिथे घ, च तिथे छ, त तिथे थ, प तिथे फ. शाळेत पाठ केलेली बाराखडी आणि वर्गच कीबोर्डवर मांडून ठेवलेत. मात्रा साधी, तीच कळ शिफ्ट धरून दाबली की पूर्ण स्वर. कुणीतरी भाषेचा विचार करून हे केलंय, इंग्रजी कळांवर मराठी अक्षरं जागा मिळेल तशी चिकटवलेली नाहीत. पहिला शब्द मी गावाचं नाव गिरवला: शिफ्ट-जी, सी, जे, ए, शिफ्ट-एन, आर. उमरोळी. पहिल्या दिवशी या सहा अक्षरखुणांना मला अर्धा मिनिट लागला असेल.

‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दाने मात्र तीन दिवस घेतले. साधा र घेऊन जोडलं की ‘शेतकर्यांच्या’ व्हायचं, र चा रफार होऊन ‘या’वर चढायचा. आमच्या भागात गेली काही वर्षं रेल्वेची मालगाडीची मार्गिका, बुलेट ट्रेन, वाढवण बंदर, एकामागून एक प्रकल्प येत आहेत. त्यांच्यावरच्या हरकती आणि निवेदनं माझ्याकडे टाइप होतात. त्यात हा शब्द प्रत्येक परिच्छेदात. तो चुकीचा छापून द्यायला हात धजेना. शेवटी सापडलं, शिफ्ट-जे वर खाली टिंब असलेला ऱ आहे. तो घेतला, पाय मोडला, पुढे य आणि काना दिला की आमचा मराठी ऱ्या तयार. तो पडद्यावर नीट उमटला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि मी एकटीच दुकानात मोठ्याने ‘आला’ म्हणाले.

बोटांचं हे असं. बाकीच्या गोष्टी तुलनेने लवकर बसल्या, तरी पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकीने घाम काढला. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह नाहीतच. सगळं एका मुळापासून फुटलेल्या फांद्यांसारखं. मी आठवडाभर ‘डी’ शोधत होते, कारण गेली पंधरा वर्षं माझं सगळं दुकान ‘डी’मध्ये होतं. भाचा फोनवर सांगायचा, “आत्या, ड्राइव्ह शोधू नकोस, होम उघड.” मला ‘होम’ हा शब्द ऐकूच यायचा नाही. फाइलच्या नावात इंग्रजी मोठं अक्षर आणि लहान अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकाच माणसाच्या दोन फाइली तयार झाल्यावर कळलं. प्रिंटर चालायला दोन दिवस लागले. सॉफ्टवेअर हवं असेल तर कुठल्यातरी संकेतस्थळावरून उतरवायचं नाही, प्रणालीच्याच भांडारातून घ्यायचं. ही शिस्त मला आवडली. मेन्यू मराठीत करून पाहिले. बरंचसं मराठीत आलं, काही ठिकाणी इंग्रजीच राहिलं. हे भाषांतर बरंचसं स्वयंसेवक करतात, जिथे हात पुरले नाहीत तिथे इंग्रजी उरलं. मी पुन्हा इंग्रजी मेन्यू लावले, कारण प्रिंट आणि सेव्ह हे शब्द मला मराठीइतकेच सवयीचे आहेत. पण ते उरलेले इंग्रजी शब्द मी विसरलेले नाही. आपल्या भाषेचं काम तिथे अर्धं पडून आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. पलीकडच्या पाड्यावरचा एक मुलगा आला, वीस-बावीस वर्षांचा. त्याला नोकरीसाठी सगळी कागदपत्रं स्कॅन करून पेनड्राइव्हवर हवी होती, दुसऱ्या दिवशी पालघरला द्यायची होती. अकरा कागद. मी नीट स्कॅन केले, एकेकाला मराठीत नाव दिलं, पेनड्राइव्हवर टाकले. पडद्यावर कॉपी झाल्याचं दिसलं. त्याची गाडी होती, मी पेनड्राइव्ह उपसून त्याच्या हातात दिला.

विंडोजवर मी पंधरा वर्षं तसाच उपसत आले होते आणि क्वचितच काही बिघडलं. लिनक्स मात्र पेनड्राइव्हवर लिहायचं काम पुष्कळदा स्मृतीत धरून ठेवतं आणि सवडीने पूर्ण करतं. पडद्यावर पट्टी भरली म्हणजे पेनड्राइव्हवर अक्षर उतरलंच असं नाही. बाहेर काढण्याआधी ‘इजेक्ट’ करायचं, ते ‘आता काढा’ म्हणेपर्यंत थांबायचं. भाच्याने हे मला सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला. अकरापैकी सात फाइली रिकाम्या. नावं होती, आत काही नव्हतं. तो रागावला नाही, आवाजही चढवला नाही, हे मला जास्त जड गेलं. “ताई, त्यांनी सांगितलं कायच नाय याच्यात,” एवढंच म्हणाला. त्याचा एक दिवस गेला होता, म्हणजे एक दिवसाची मजुरी, जाण्यायेण्याचं भाडं, आणि त्या टेबलापुढे उभं राहून ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं. मुदतीला अजून दोन दिवस होते म्हणून वाचलो. मी पुन्हा सगळं केलं, त्याच्यासमोर दुसऱ्या यंत्रावर उघडून दाखवलं, मजुरीचे पैसे देऊ लागले. त्याने भाड्याचेच घेतले.

त्या रात्री मी सगळं सोडून विंडोज परत टाकायचं ठरवलं होतं. भाच्याला फोनही केला. पण फोन लागेपर्यंत मनात दुसरंच येत राहिलं. चूक प्रणालीची नव्हती. तिने नियम सांगितला होता. मी शिकते आहे हे मला ठाऊक होतं, पण माझ्या शिकण्याची किंमत समोरचा माणूस मोजू शकतो याचा विचार मी केला नव्हता. मी घरी स्वयंपाक शिकत नव्हते, लोकांच्या कागदांवर शिकत होते. म्हणून प्रणाली बदलण्याऐवजी पद्धत बदलली. दुपारी एक ते तीन दुकान बंद आणि सराव. नवीन जे काही असेल ते आधी माझ्या स्वतःच्या कागदावर. गिऱ्हाइकाला दिलेला प्रत्येक पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या यंत्रावर उघडून बघायचा. अजूनही तसंच करते. पोरं घाईत असली तरी थांबवते.

त्या दिवसांत मला आमच्या कारखान्यातल्या ऑफिसचे काका फार आठवले. लग्नाआधी आणि नंतरही मी तारापूरच्या वसाहतीत एका कारखान्यात टंकलेखिका होते. तिथे एक ज्येष्ठ टायपिस्ट होते, इंग्रजी आणि मराठी दोन्ही मशीनवर मिनिटाला पन्नासच्या पुढे. चूक म्हणून नाही. १९९८-९९ च्या सुमाराला ऑफिसात संगणक आले. मी पंचविशीतली, महिन्याभरात शिकले. काका प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबायचे, कारण मशीनवर घंटी वाजली की गाडी ओढायची असते. मग मजकुरात एक शब्द वाढवला की सगळ्या ओळी अर्ध्यावर तुटायच्या. मी म्हणायचे, “काका, एंटर नका दाबू हो, किती वेळा सांगितलं.” ते मान हलवायचे आणि पुढच्या ओळीला पुन्हा दाबायचे. एकदा त्यांच्याकडून खिडकी चुकून बंद झाली, तेव्हा ते टेबलाखाली वाकून पाहत म्हणाले, “कागद कुठे गेला?” ऑफिसातली पोरं हसली. मी हसले नाही, पण मी उठून त्यांच्याशेजारी बसलेही नाही. वर्षाच्या आत त्यांनी नोकरी सोडली. निरोपाला त्यांनी मला आपला खोडरबर दिला, टायपिंगचा, चाकासारखा गोल, पाठीला ब्रश असलेला. तो माझ्या गल्ल्यात आहे.

त्यांना काय येत नव्हतं? मजकूर कसा मांडावा, अर्जातला मायना कसा असावा, कुठला शब्द कुठल्या साहेबाला खटकेल, समास किती सोडावा, हे सगळं त्यांना आमच्यापेक्षा चांगलं येत होतं. त्यांची बोटं फक्त जुन्या जागी जात होती. आणि आम्ही त्यांची हुशारी त्यांच्या बोटांवरून मोजली. नोव्हेंबरमध्ये मावशींनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, तेव्हा मी काकांच्या खुर्चीत बसले होते.

मला शिकवणारं जे मिळालं ते त्यांना मिळालं नव्हतं. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा उपक्रम आहे, प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला. छोटी छोटी ध्वनिचित्रं, त्यांतली पुष्कळशी मराठीत. त्यांची पद्धत अशी की पडद्याच्या अर्ध्या भागात धडा चालू ठेवायचा आणि अर्ध्या भागात तेच आपण करत जायचं. पुढे जमलं नाही तर थांबवायचं, मागे जायचं. अर्ज टाइप करायचं लिब्रेऑफिस मी तिथून शिकले. मराठीत, शांत आवाजात, कुणी घाई करत नाही. दुपारच्या त्या दोन तासांत कित्येकदा लाईट जायची. इन्व्हर्टरवर एकच संगणक चालतो, तर मी तो लिनक्सच्या यंत्रालाच लावायचे.

आणि या प्रणालीने लोकांच्या एका जुन्या दुखण्यावर मला औषधही दिलं. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्हमधून एक रोग फिरतो. तो लागला की फोल्डर गायब होतात आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात. लोकांना वाटतं सगळं गेलं. खरं तर फोल्डर तिथेच असतात, विंडोजच्या एका खुणेने लपवलेले. लिनक्स ती खूण मानत नाही, ते सगळं उघड दाखवतं. आणि तो रोग विंडोजसाठी लिहिलेला असल्यामुळे इथे नुसता फाइल म्हणून पडून राहतो. डिसेंबरात एक बाई रडतच आल्या. मयत नवऱ्याचे फोटो पेनड्राइव्हवर होते आणि दोन दुकानांत ‘उडाले’ म्हणून सांगितलं होतं. मी पेनड्राइव्ह लावला आणि सगळे फोल्डर समोर. त्यांनी पहिला फोटो बघितला आणि माझा हात धरला. आपण बरोबर जागी आलो आहोत असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

जुन्या फाइलींचं काम अजून चालू आहे, ते एवढ्यात संपणार नाही. २०१० पासूनचे हजारो अर्ज, ठराव, करारनामे जुन्या फॉन्टमध्ये आहेत. लिनक्सच्या यंत्रावर पहिल्यांदा उघडले तेव्हा पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली, पेसा कायदा लागू असलेल्या गावातल्या ग्रामसभेचा ठराव म्हणून जे काही होतं ते कुणालाच वाचता येणार नाही असं. फॉन्टच्या फाइली आणून टाकल्यावर मराठी दिसलं. पण तेव्हा कळलं की ते मराठी कधी नव्हतंच. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच होती, आम्ही वर मराठी चित्राचा मुखवटा चढवला होता. म्हणून त्यात ‘उमरोळी’ शोधलं तर सापडत नाही. पंधरा वर्षं मी गावाचं नाव लिहिलं आणि यंत्राला ते एकदाही कळलं नाही. बदलून देणारी साधनं आहेत, पण पहिली वेलांटी आणि रफार हमखास घसरतात, प्रत्येक पान वाचावंच लागतं. म्हणून रोज लागणारे साठेक नमुने मी नव्याने टाइप केले. लोहित हा फॉन्ट लावला, रेड हॅट कंपनीने खुला करून दिलेला. काही कागदांना ‘मुक्त’ नावाचा, मुंबईच्या एक टाइपने केलेला. दोन्हीत आमचा ऱ्या नीट दिसतो.

नमुने टाइप करताना २०१४ सालचा ऑगस्ट आठवला. १ तारखेला पालघर जिल्हा झाला आणि माझ्या प्रत्येक अर्जातलं ‘ता. पालघर, जि. ठाणे’ बदलावं लागलं. ठाण्याला खेटे घालणाऱ्या लोकांना केवढा आनंद होता, आणि माझी बोटं गणपती होऊन गेले तरी ‘जि. ठाणे’ लिहीत होती. तेव्हा खोडून दुरुस्त केलेले कितीतरी अर्ज मीच सहीसाठी पुढे सरकवले आहेत.

आता जून उजाडला. मिनिटाला माझे पंचवीस शब्द होतात. तीस व्हायला पाऊस सरेल. भाताची कापणी टाकून आलेल्या त्या मावशी मध्यंतरी पुन्हा येऊन गेल्या, दुसऱ्या अर्जासाठी. या वेळी बसल्या, कागद घेऊन गेल्या, तब्येतीचं काही बोलल्या नाहीत.

परवा एक जुने गिऱ्हाईक २०१६ सालचा अर्ज घेऊन आले. त्यातली एकच ओळ बदलून हवी होती. तो मी विंडोजच्या यंत्रावर, जुन्या सॉफ्टवेअरमध्येच उघडला. मथळ्याचं पहिलं अक्षर छापताना तुटत होतं, म्हणून तो पुसून पुन्हा टाइप केला आणि न बघता प्रिंट दिली. त्यांनी चष्मा लावला, कागद दिव्याकडे धरला आणि माझ्यापुढे ठेवून बोट टेकवलं. वर मधोमध, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘वनिंती’.